पहिली ढेप

गेल्या डिसेंबरात मळ्यात आमचं सगळं घराणं जमलं होतं. तात्या आणि मोठीआई, म्हणजे माझे पणजोबा-पणजी, १९२७ साली सासवड सोडून इकडं प्रवरेच्या पाटावर आले. शंभर पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत, पण जुनी माणसं एकेक करून चाललीयेत म्हणून थांबायला नको असं ठरलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख पडली. चुलतभावानं बरेच महिने खपून घराण्याचा इतिहास लिहून काढला होता, चांगली चाळीस पानांची पीडीएफ, आणि जेवणाची दुसरी पंगत बसली तेव्हा तो माईक घेऊन त्यातली सुरवातीची पानं वाचत होता. मी आमटी वाढत होते. "त्या काळी इथं काहीच नव्हतं, नुसती कुसळं आणि बाभळी" हे वाक्य आलं, मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलेलं, आणि पंगतीत बसलेले अण्णा, वय ऐंशीच्या आसपास, गावातले, आमच्या शेजारच्या बांधाचे, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "काहीच नव्हतं कसं बाई, आम्ही व्हतो ना." आणि द्रोण पुढं केला.

मी आमटी वाढली आणि पुढच्या पानावर गेले.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मी मनातल्या मनात वाद घातला असता. पण ते अगदी साधं बोलले होते, मिठाचं ताट पुढं करा म्हणावं इतकं साधं, आणि रात्री पुण्याला परत येताना नगरच्या बायपासला, शिरूरला, रांजणगावच्या ट्रॅफिकमध्ये ते वाक्य गाडीत माझ्या शेजारी बसून होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं बोलण्याची पद्धत असते ती, "काही नव्हतं" म्हणजे पाणी नव्हतं. बरोबर आहे की. पण मग मला झोप का येत नव्हती?

आमच्या घरात ही गोष्ट कशी सांगतात ते सांगते. बैलगाडी एक, बैलजोडी एक, गाडीत दोन पोती ज्वारी, एक उतरंड, जातं, कडेवर दीड वर्षाचं पोर (ते माझे आजोबा) आणि तळाला गोणपाटात गुंडाळलेलं पुंड्या उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या. सासवड ते बेलापूर आठ मुक्काम. मोरगाववरून दौंडला भीमा ओलांडली, मग श्रीगोंदा, नगर, राहुरीला मुळा आणि शेवटी प्रवरा. मोठीआई तेव्हा बावीस वर्षांची. प्रत्येक मुक्कामाला बैलांना पाणी पाजायच्या आधी ती बेण्यावरचं गोणपाट भिजवायची, कारण कांड्यांवरचे डोळे वाळले की बेणं मेलं आणि बेणं मेलं की पुढचं सगळंच मेलं. म्हातारपणी ती हे सांगायची तेव्हा हात असा हलवायची, जसा आपण झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण चाचपतो तसा. आगगाडीनं का नाही आलात असं मी एकदा विचारलं होतं, दौंड-मनमाड लाईन तर कधीचीच होती. तर म्हणाली, "बैल काय खिशात घालून आनायचं हुतं?" ते स्टेशन अजूनही तेच आहे, गाव श्रीरामपूर झालं तरी पाटीवर बेलापूरच.

आणि ते निघाले कशामुळे हे मात्र आमच्या पीडीएफमध्ये एका ओळीत उरकलंय, "अधिक चांगल्या संधीच्या शोधात." हे खरं नाही. तात्यांचे वडील आधी नीरेच्या डाव्या कालव्यावर गेले होते, बारामतीच्या बाजूला. तो पाट १८८५ चा. सासवडच्या माळ्यांना कऱ्हेकाठी मोटेवर बागा करायची पिढ्यानपिढ्यांची सवय, त्यामुळं पाटाचं पाणी म्हणजे त्यांना सोनं वाटलं, खंडानं, म्हणजे भाड्यानं, जमिनी घेतल्या, ऊस लावला, आणि तीसेक वर्षांत त्यातली कितीतरी काळी जमीन चिबड झाली. पाणी खाली मुरायला जागा नाही, निचरा नाही, खालचं पाणी वर वर येत राहतं आणि उन्हानं ते उडून गेलं की मागं मीठ राहतं. लोक म्हणतात पांढरी फुटली. सरकारलाही उसावर लगाम घालावासा वाटत होता, विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली ती त्यासाठीच, जमिनीच्या एका हिश्श्यात ऊस आणि बाकीच्यात हलकी पिकं, दरवर्षी फिरवायचं. पण उसाची चटक लागलेल्या माणसाला पाणी मोजून घेता येत नाही. तात्यांच्या वडलांची पट्टी गेली. म्हणजे तात्या आणि मोठीआई एक मेलेली जमीन मागं टाकून निघाले होते. इकडं गोदावरीच्या पाटांवर सासवडची माणसं आधीच पोचली होती, आणि १९२६ ला भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, २७० फूट उंच, तेव्हा प्रवरेच्या पाटाला बारमाही पाणी राहणार ही बातमी सासवडला घरोघर झाली.

इथपर्यंत मला सगळं माहीत होतं. अण्णांच्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा उलट्या बाजूनं विचार करायला लागले, की गाडी येताना पाहिली कुणी?

कारण जमीन कुणाची तरी होतीच ना. खंडानं घेतली म्हणजे कुणीतरी दिली. ती दिली अण्णांच्या आजोबांनी. बाजरी, करडई, हुलगा, मटकी असं पावसावर करणारं घर. पाट त्यांच्या रानातून गेला, पण पाटाचं पाणी फुकट नव्हतं, पाणीपट्टी होती, उसाला बेणं हवं, पेंड हवी गाडीच्या गाडी, आणि बारा-चौदा महिने कळ काढायला घरात दाणे हवेत. ऊस आज लावला की पैसा पुढच्या वर्षी. कोरडवाहू माणसाला एवढं भांडवल द्यायला कुठला सावकार तयार होणार. सासवडच्या माणसाला तो द्यायचा, कारण त्याचा हात बसलेला, त्याची पत होती. म्हणून पाट ज्यांच्या रानातून गेला ते बांधावर उभे राहिले आणि आठ मुक्काम करून आलेल्यांनी त्यांच्या रानात पाण्याची दारं धरली. यात कुणी कुणाला फसवलं असं मला म्हणायचं नाहीये. खंड ठरला तसा पोचत होता. पण कोरडवाहूच्या हिशोबानं ठरलेला खंड आणि त्यातून निघणारा ऊस यांच्यातलं अंतर त्या घरातल्या बायकापोरांना बांधावरून रोज दिसत असणार.

आणि आमच्या माणसांचे कष्ट खोटे होते असंही नाही, ते मी कधीच म्हणणार नाही. मोठीआईचे तळहात मी पाहिलेत. उसाच्या पात्यानं कापून कापून त्या रेघा इतक्या खोल झाल्या होत्या की खऱ्या हस्तरेषा कुठल्या ते कळायचं नाही. रात्रीच्या पाळीला तात्या उसाला पाण्याचं बारं द्यायचे आणि ती कंदील घेऊन वाफ्याच्या तोंडाला बसायची, वाफा भरला की आरोळी द्यायची. कोल्ही उसात शिरायची, पुंड्या मऊ आणि गोड, त्यांना फार आवडायचा, म्हणून पत्र्याचा डबा बडवत राहायचं. आणि गुऱ्हाळ लागलं की तीन महिने झोप नाही. चरकाला बैल फिरतायत, काहिलीत रस उकळतोय, रानभेंडीचा रस टाकला की मळी वर येते ती झाऱ्यानं काढायची, चुलवणात चिपाडं सारायची, आणि पाक आला की नाही हे गुळव्या सांगायच्या आधी मोठीआईला वासावरून कळायचं असं सगळे सांगतात. मला तो वास आठवणं शक्य नाही कारण माझ्या जन्माच्या कितीतरी आधी आमचं गुऱ्हाळ बंद पडलं, लोणीचा प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली झाला, मग आसपास बाकीचेही झाले आणि ऊस सरळ गाडीत भरून जायला लागला. तरी कुठं रस्त्यावर गुऱ्हाळ दिसलं आणि तो करपट गोड वास आला की माझे डोळे भरतात. नसलेली आठवण कशी येते ते मला माहीत नाही, पण येते.

जानेवारीत मी खरेदीखत काढलं. चुलतभावाच्या फाईलमध्ये झेरॉक्स होतीच, मोडीत असल्यामुळं कुणी वाचली नव्हती. पुण्यात मोडी वाचणाऱ्या एका बाईंकडं नेली. साल १९४३. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव पडले तेव्हा तात्यांनी मोठीआईच्या पाटल्या मोडल्या होत्या, ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. मग लढाईत भाव चढले आणि तात्यांनी खंडाची जमीन विकत घेतली, हीही गोष्ट पाठ आहे, "घामाच्या पैशानं घेतली." बाई बोट ठेवून वाचत होत्या. प्रपंचाचे अडचणीकरिता. मग किंमत. मग, पैकी इतके रुपये पूर्वी वेळोवेळी पावले. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, निम्म्याहून जास्त रक्कम आधीच दिलेली दिसतेय.

वेळोवेळी.

म्हणजे उचल. कधी लेकीच्या लग्नाला, कधी बैल मेला म्हणून, कधी आजारपणाला, दहा-वीस-पन्नास करत पंधरा-सोळा वर्षांत घेतलेली, खंडातून वळती होत नव्हती तेवढी साठत गेलेली. जमीन एका दिवसात विकली गेली नाही, ती थोडी थोडी गेली, आणि शेवटी फक्त कागद झाला. खाली तात्यांची सही, वळणदार, आणि समोर निशाणी डाव्या हाताचा अंगठा. झेरॉक्सवर तो अंगठा नुसता काळा डाग दिसतो. मी कितीतरी वेळ त्या डागाकडं बघत बसले होते. बाईंनी चहा आणला तो गार झाला.

त्या कागदात अजून एक गोष्ट होती जी बघून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. चतुःसीमा लिहिताना रानांची नावं होती. चिंचेचं. म्हसोबाचं. कुरण. हीच नावं आम्ही आजही वापरतो, "आज कुरणात मोटर चालू आहे", "चिंचेचं खुरपून झालं". मला कायम वाटायचं ही आमची नावं आहेत, घरातली. ती आमच्या आधीची होती. सगळी रानं नावासकट आमच्याकडं आली होती आणि तरी आम्ही म्हणत होतो की काहीच नव्हतं.

कुरण म्हणजे आमच्या मळ्यातली सगळ्यात खालची पट्टी, पाच एकर, चारीच्या, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याच्या, पोटाला. ती चिबड आहे. मी लहान असताना तिथं अनवाणी गेलं की पायाखाली पापडासारखं मोडायचं, उन्हाळ्यात चुना सांडल्यासारखं पांढरं, आम्ही पोरं बोट लावून चाटायचो आणि तोंड वाकडं करायचो. तिथं लव्हाळा सोडून काही येत नाही. तात्यांनी तिथं पहिल्याच वर्षी ऊस लावला होता, सुरवातीची आठ-दहा वर्षं जोरात आला, आणि मग नीरेवर जे झालं तेच झालं. जे मागं सोडून आले तेच इथं करून ठेवलं. वडलांनी चर खोदले, हल्ली चुलतभावानं जमिनीखालून भोकाचे पाईप टाकलेत, त्यानं जरा फरक पडतोय म्हणतो, गेल्या वर्षी एका कडेला गहू आला. पण मी अडकले ती त्या नावापाशी. ज्या घरानं पोटाला बाजरी कमी पडत असताना पाच एकर काळी जमीन गवताला सोडली होती, त्यांनी ती उगाच सोडली असेल का? तिथं पाणी थांबतं हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं आणि त्यांनी ते नावातच घालून ठेवलं होतं. आम्ही नाव घेतलं आणि ऐकलं नाही.

आता ढेपेचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच छळतंय. मी सात-आठ वर्षांची असेन, मोठीआई ऐंशीच्या घरात. दरवर्षी संक्रांतीच्या आधी ती घरातल्या कुणाला तरी बाजारात पाठवून गुळाची एक ढेप आणायला लावायची. ऊस आमचाच, तो कारखान्याला जायचा, आणि आम्ही गूळ विकत आणायचो. घरात कुणी कुरकुरलं की गप्प बसवायची. मग ती ढेप पंच्यात बांधून एका पोराच्या डोक्यावर द्यायची, मला बरोबर घ्यायची आणि काठी टेकत गावात जायची. अण्णांच्या घरी. ओट्यावर अण्णांची आज्जी बसलेली असायची, मोठीआईच्याच वयाची, कपाळ मोकळं, नाकात काही नाही, पाय पुढं पसरलेले. मोठीआई खाली पायरीवर बसायची. ओट्यावर कधीच नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं कारण आमच्याकडं मोठीआईसमोर कुणी उंचावर बसायचं नाही. दोघी फार बोलायच्या नाहीत. "पाटाला पानी आलं का?" "यील उद्या." "थंडी लई हाय." असं. मग आतून कुणीतरी येऊन ढेप उचलून न्यायचं, मला दोन शेंगदाणे मिळायचे आणि आम्ही परत. एकदा वाटेत मी विचारलं की आपण त्यांना गूळ का देतो. ती म्हणाली, "पयली ढेप त्यांची अस्ती." बस. १९८७ ला मोठीआई गेली आणि ते थांबलं. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही की काही थांबलंय.

खरेदीखत वाचल्यावर मला वाटलं सगळं उलगडलं. रात्री दहाला चुलतभावाला फोन केला, म्हटलं मोठीआईला कळत होतं रे, ती आयुष्यभर हिशोब चुकता करत होती, हे पीडीएफमध्ये घाल. तोही गहिवरला. खरं सांगायचं तर मला त्या रात्री फार हलकं वाटलं, शांत झोप लागली. आपल्या घराण्यात एक तरी माणूस असं होतं म्हणून.

मागच्या आठवड्यात मळ्यात गेले तेव्हा मुद्दाम अण्णांकडं गेले. घर आता स्लॅबचं आहे, ओटा मात्र तोच ठेवलाय. मी ओट्यावर बसले नाही, पायरीवर बसले, ते मला खुर्ची घे म्हणत राहिले. चहा झाला. मी म्हटलं अण्णा, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मनात राहिलं. त्यांना आठवतच नव्हतं काय बोललो ते. मग मी ढेपेचं काढलं, तर त्यांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "आठवती की. लई मोठी ढेप यायची." मी विचारलं, आज्जी काय म्हणायच्या? ते जरा थांबले, माझ्याकडं बघितलं, सांगावं का नको असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "आज्जी तो गूळ घरात खाऊ देत नसायची. गायीला घालायची सगळा. एक खडा तोंडात टाकला तर मारायची. आम्ही पोरं गोठ्यात जाऊन गव्हाणीतून चोरून खायचो."

मला काही सुचेना. ते मात्र आठवणीत रंगले होते, गायीची लाळ लागलेला गूळ पाण्यानं धुवून कसा खायचो वगैरे सांगत होते आणि हसत होते. पन्नास-पंचावन्न वर्षं एक बाई ढेप घेऊन पायरीवर येऊन बसत होती, आणि एक बाई ती ठेवून घेत होती, परत करत नव्हती, आणि खातही नव्हती. मोठीआईला हे माहीत होतं का? मला आता वाटतं की असणार. गाव केवढं, आणि गोठा घराच्या बाजूलाच होता. तरी ती दरवर्षी जायची.

निघताना मी विचारलं, कुरणाला कुरण का म्हणायचे? अण्णांना माझा प्रश्नच समजला नाही. म्हणाले, "गवत व्हतं म्हणून. पानी लागायचं तिथं. आज्जीनं सांगितलं व्हतं की तुमच्या मोठीआईला, गाडी सोडली त्याच दिशी, तिथं काही लावू नका म्हणून." मग त्यांनी चपला घातल्या आणि चारीपर्यंत मला सोडायला आले, वाटेत पाईपातून निचऱ्याचं पाणी ओढ्यात पडत होतं ते वाकून बघितलं, हात ओला करून जिभेला लावला आणि म्हणाले, "अजून खारंच हाय."

चुलतभावाचा रोज मेसेज येतो, छापायला द्यायचंय, पहिल्या पानावरचं ते वाक्य ठेवू का काढू, आणि ढेपेचं तू म्हणाली होतीस ते लिहून पाठव. ते वाक्य काढ म्हणून मी कळवलंय. ढेपेचं अजून पाठवलेलं नाही, कारण अण्णांच्या आज्जीचं नाव विचारायचं राहून गेलं, खरेदीखतात फक्त आजोबांचा अंगठा आहे, आणि नावाशिवाय तिच्याबद्दल लिहायला माझा हात होत नाही. रविवारी परत जाणार आहे. वाटेत नगरला मार्केट यार्ड लागतं, तिथं ढेपा मिळतात. घ्यावी की नाही, काही ठरत नाहीये.